सव्वा मूठ गहू

॥ श्री ॥
मुंबई, ता. १० फेब्रुवारी १९५३

तीर्थस्वरूप वनाभाऊस धाकट्या चुडामणचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि.

मी खुशाल आहे. बातमी अशी की गोदी कामगारांच्या बॉक्सिंगमध्ये मी पहिला आलो. कप मिळाला. बॉक्सिंग म्हणजे हातात कातडी मोजे चढवून गुद्दागुद्दी, मधे पंच उभा. गोदीतला पास्कल मेस्त्री शिकवतो. पारोळ्यात मी कुणाला गुद्दा हाणला की आबा चिंचेच्या फोकाने सोलायचे. इथे त्याच गुद्द्याला टाळ्या पडतात! आबांना सांगू नका, ते समजतात मी फक्त गोण्या उचलतो.

श्रावणात सुटी मिळेलसं दिसत नाही. कानबाईमातेच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजाल, तेव्हा माझी सव्वा मूठ विसरू नका. चौथी नापास असलो तरी घरातला पुरुषच आहे. भिकुवहिनींना दंडवत.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपला, चुडामण

॥ श्री ॥
मुंबई, ता. ८ मे १९५५

ती. स्व. वनाभाऊस दंडवत. वि. वि.

गोदी सोडली. आता पैशाच्या लढती लढतो, एक शेठ त्या लावतो. त्याने पहिल्याच दिवशी माझं नाव कापलं. म्हणतो, चुडामण पाटील वाचून तिकीट कोण काढील, लोकांना वाटेल कीर्तन आहे. म्हणून जाहिरातीत मी टोनी परेरा! असा संताप आला की त्यालाच एक ठेवून द्यावी. पण गोण्या पुन्हा उचलायच्या नव्हत्या, म्हणून गिळलं. लोक टोनी टोनी ओरडतात आणि मी वळून बघतो, कोणाला बोलावतात म्हणून.

आबांच्या कानावर तुम्हीच नीट घाला. बाहेरून कळलं तर घर डोक्यावर घेतील.

विसर न पडावा.
चुडामण

॥ श्री ॥
पारोळा, ता. १२ ऑगस्ट १९५५

चि. चुडामणास वनाचे अनेक आशीर्वाद.

कानबाई बसली, उठली. पण पुढचं लिहायला हात धजत नाही. आपला चुलतभाऊ मगन मुंबईला गेला होता. त्याने भिंतीवरची जाहिरात फाडून आणली. तुझं चित्र, गळ्यात रंगाऱ्याने काढलेला क्रूस, खाली परेरा. आबांना अक्षर येत नाही, मगनने भाऊबंदांत मोठ्याने वाचलं. आबा म्हणाले, पोरगा बाटला. गहू मोजताना सगळ्यांच्या नावाची मूठ पडली. तुझं नाव आलं आणि आबांनी हात आखडला. तुझी वहिनी उठून आत गेली.

तेव्हा बोलण्यासारखं नव्हतं. तू माफीचं पत्र टाक, म्हातारा विरघळेल.

जीवाला जप.
वना

॥ श्री ॥
मुंबई, ता. २० ऑगस्ट १९५५

वनाभाऊस दंडवत.

खुशाली विचारत नाही. रोट खाऊन बसलात, चांगलीच असणार.

माफी कसली? मी बाटलो नाही. पास्कल मेस्त्री ख्रिस्ती, पण देव बदल असं त्याने कधी म्हटलं नाही. मला ताप भरला तेव्हा त्याच्या बायकोने पेज पाजली, कोण कुठला विचारलं नाही. आणि माझ्या रक्ताच्या माणसांनी भिंतीवरच्या कागदावरून मला घराबाहेर काढलं! त्या मगनला सांगा, बाजारात गाठ पडली तर मोजे न घालता भेटेन.

पण मगन परका. राग तुमचा आहे. वैशाखात मी लिहिलं होतं ना, नाव शेठने बदललं, आबांना सांगा? ते पत्र कणगीत घातलंत? आबा हात आखडत होते तेव्हा तुमची जीभ कुठे चरायला गेली होती? माझा जबडा दर महिन्याला सुजतो, तरी मी बोलतो. तुमचा तर धड आहे!

हे पत्र आबांना वाचून दाखवा, एकही शिवी न गाळता. माझ्या नावाची मूठ पडेल तेव्हाच पारोळ्याचं पाणी पिईन.

लोभ मागत नाही.
चुडामण

॥ श्री ॥
पारोळा, ता. ३० जुलै १९५६

चि. चुडामणास आशीर्वाद.

तुझं पत्र वर्षभर माझ्या छातीवर धोंड्यासारखं होतं. काल आबांना वाचून दाखवलं, वैशाखातलंही. शिव्यांसकट. आबा सुपारी कातरत राहिले. मग मला म्हणाले की तुझ्यापेक्षा बैल बरा, निदान शेपूट तरी हलवतो. तुझ्याबद्दल एवढंच की परेराना नावनी मूठ मी टाकाव नई; पुना पाटीलना पोऱ्या व्हई तर चार लोकंसमोर बापनं नाव सांगी.

कानबाई येत्या बारा तारखेला. आबा काय करतील, मला सांगता येत नाही.

राग सोड, भाऊ सोडू नको.
वना

॥ श्री ॥
मुंबई, ता. १९ ऑगस्ट १९५६

ती. स्व. वनाभाऊस दंडवत. वि. वि.

काल चँपियनची लढत झाली. पुकारणाऱ्याने टोनी परेरा पुकारलं आणि मी स्टुलावरून उठलो नाही. शेठ कानाशी येऊन दातओठ खाऊ लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंच म्हणाला, उठ, नाहीतर हरलास. मी म्हटलं, माझं नाव पुकारा, बापासकट. शेवटी पुकारणाऱ्याने चुडामण पुना पाटील, पारोळा, असं अडखळत म्हटलं. लोक खदाखदा हसले. मग मी उठलो. एवढा राग अंगात होता की समोरचा गडी सातव्या फेरीत आडवा झाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

चँपियनच्या पट्ट्यावर परेराचं नाव कोरलेलं. मी तो शेठच्या टेबलावर टाकला, म्हटलं, ज्याचा त्याला द्या. शेठने मला हाकललं.

खोलीवर आलो तर उंबऱ्यावर आबा! मांडीवर धोतरात बांधलेला रोट, जमिनीला टेकू न देता धरलेला. दुपारपासून चाळीत पाटीलनी खोली विचारत होते आणि एकालाही पाटील माहीत नव्हता, शेवटी गुद्दागुद्दीवाला म्हटल्यावर खोली सापडली, म्हणून तापलेले. मी नाव पुकारून घेतल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, पैले खाय, रोट पुनीमना आत सरायले पाहिजे, आनि घरना मानूसशिवाय कोनले देता येत नई.

ओठ फाटलेला, चावता येईना. आबांनी शिव्या देत दुधात कुस्करून दिलं.

खाता खाता डोक्यात आलं. कानबाई गेल्या रविवारी, आणि नाव मी काल पुकारून घेतलं. म्हणजे मूठ आधीच पडली होती! असा भडकलो, आबांना म्हटलं, मग एक ओळ लिहवून पाठवायला काय झालं होतं? आबा म्हणाले, तू तरी माले कधी लिखं? बठ्ठा कागद वनाले, माले एक बी नई.

मी वाटी पुढे केली, त्यांनी आणखी कुस्करलं.

राग अजून आहे, तुमच्यावर जास्त. येऊन काढणार आहे. तोवर असेच असा.

आपला,
चुडामण पुना पाटील