मध्येच पांढरा झालेला घोडा

ती. मामांस,

आजारपणानंतर घसा बरा होऊनही तुम्ही बोलणंच सोडलंत, म्हणून काल सभागृहात तुम्ही नेहमी सांगायचात ती घोड्याची कथा तुमच्याऐवजी मी सांगितली. तुम्ही काळा घोडा मध्येच पांढरा करायचात, ती चूक मी वहीत दुरुस्त केली होती. लोक जांभया देऊ लागले. घाबरून माझ्याही तोंडून पांढरा घोडा निघाला, तशी मागून एक आजी म्हणाल्या, "अरे, मघाशी काळा होता ना?" सगळे हसले आणि सरसावून बसले.

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मुद्दाम चुकत होतात. मी तुम्हाला विसराळू म्हणायचो, तेव्हा नुसतं म्हणायचात, "चुकलं हो, मास्तर."

हे पत्र पाठवत नाही. उद्या तुमच्यासमोर बसून कथा सांगेन. घोडा पांढरा करेन आणि तुम्ही चूक काढेपर्यंत पुढे जाणार नाही.

तुमचा,
मास्तर