बाबांच्या पेशींची साफसफाई

७ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचा आशीर्वाद. वि. वि. आशीर्वाद नावापुरता, आत शिव्याच आहेत. फोनवर तू दोन शब्दांत कटवतोस, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

बाबांनी जेवण सोडलंय. सकाळी चहा, संध्याकाळी चमचाभर सूप. कारण तू! पेशी उपाशी राहिली की आपल्याच आतला मोडका माल खाऊन पुन्हा ताजी होते, अशी अक्कल मागच्या पत्रात पाजळली होतीस ना? जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना लगेच पटलं. म्हणतात, घड्याळ उघडून कचरा काढला की चालतंच, तशी मी माझी साफसफाई काढली आहे. विजार कमरेवर थांबत नाही. दोनदा आत घेतली. माझं शिलाईचं दुकान गिऱ्हाइकांसाठी आहे की बाबांच्या विजारीसाठी? परवा जिन्यात चक्कर येऊन खाली बसले आणि वर मलाच सांगतात, जुने भाग निघताहेत! मी ओरडले तर म्हणे शास्त्रज्ञ तो आहे, तू नाहीस. आता तूच निस्तर.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. शिव्या पोचल्या, आशीर्वाद वाटेत सांडला असावा.

अगं, मी काचेच्या बशीत यीस्टच्या पेशी उपाशी ठेवतो, वडील नाही! आणि फार ताणलं तर त्या कचरा संपवून कामाचे भागही खायला लागतात आणि मरतात. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. डॉक्टरांनाही बोलाव. इथलं काम संपलं की मी येतोच.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, वगैरे.

वाचून दाखवलं. डॉक्टरही ओरडून गेले. बाबांनी सगळं ऐकलं आणि फक्त शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. काम किती राहिलंय, विचारत होते. मी म्हटलं, आई होती तेव्हापासून संपतंच आहे. तर खाली बघत म्हणाले, म्हणूनच तर टिकायला हवं.

आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

तुझी वाट बघता यावी म्हणून म्हातारा उपाशी राहिलाय, कळलं का? आता शास्त्र नको. ये.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. काम संपलेलं नाही आणि संपायचंही नाही. बाबांना एवढंच सांग.

धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
या खेपेचा आशीर्वाद खरा आहे.

सांगितलं. बाबांनी उकडलेलं अंडं मागितलं. ते संपल्यावर दुसरं. वर मीठ कमी म्हणून माझ्यावरच खेकसले! म्हणजे बरे आहेत. तुझं मनगटावरचं घड्याळ घेऊन ये म्हणतात, फार मागे पडत असणार.

विजार मी अजून उसवलेली नाही. तू दारात दिसलास की उसवीन. आणि गाडी चुकवलीस, तर तुझ्या पेशींकडे मी जातीने बघेन.

लोभ आहेच, तो मागत बसू नकोस.

ताई