ठोक्याची मूठ

३ मार्च
सदतीस कविता साभार परत! प्रकाशकबाई म्हणाल्या, "साहेब, ही गाणीच आहेत. गिटार काढून घेतलेली." एक तरी खरी कविता आणा, मग पुस्तकाचं बघू. पासष्टाव्या वर्षी परीक्षा! ही म्हणते, "मग गाणीच लिहा ना." गाणार कोण? गळा जाऊन चार वर्षं झाली. कान त्याच्याही आधी गेले. शब्दही आले नाहीत तर मी नुसता एक बहिरट म्हातारा.

११ मार्च
ठोक्याकडे गेलो. आमच्या बँडचा ड्रमर, चाळीस वर्षं. वहिनी त्याला चमच्याने भात भरवत होत्या. दोन्ही हात थरथरतात, बोटं आत वळलेली. मला म्हणाला, "तुला काहीतरी सुचतंय ना? मग झालं."
घरी येईपर्यंत कविता तयार. लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला लिहू — आनंद झाला!

१२ मार्च
ज्या हातांनी गावं हलवली
ते आता नुसते हलतात.
मूठ वळली, ती उघडायचं विसरली.
पुढचं अजून कच्चं आहे. पण तिसरी ओळ — वा!

१५ मार्च
बाई खूश. पुस्तक होणार, पण आधी रविवारी सकाळी वाचनालयात वाचून दाखवायचं. हिने कविता वाचली आणि कागद आपटला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणे. तो तर अजून जिवंत आहे!" शब्द दिला — त्याच्यासमोर वाचणार नाही.

२० मार्च
ठोक्या आला! वहिनींनी चाकांच्या खुर्चीतून आणला आणि पहिल्या रांगेत बसवला, माझ्या डावीकडे. स्टेजवरही तो तिथेच असायचा. माझे कान गेल्यापासून गाणं कुठे संपवायचं ते तोच दाखवायचा. मूठ वर — पुन्हा एकदा. उघडा पंजा — थांब. कधी चुकलं नाही.
आठ कविता वाचल्या. लोक चुळबुळ करत होते. बाई घड्याळ बघत होत्या. मग वाचलीच ती.
सगळे एकदम गप्प! सवयीने डावीकडे पाहिलं. ठोक्याचा हात वर. मूठ!
डोळे भरून आले. पुन्हा वाचली, सावकाश. हात वरच. तिसऱ्यांदा वाचली. लोक उभे राहिले. वहिनी खुर्ची ढकलत त्याला घेऊन गेल्या. दमला असेल बिचारा.

२१ मार्च
हिला म्हटलं, बघ, त्यानेच पुन्हा वाचायला लावली! असा मित्र मिळायला नशीब लागतं. दुपारचा चहा माझा मीच केला.

२४ मार्च
वहिनी आल्या. दारातच उभ्या राहिल्या.
"भावोजी, ते तुम्हाला थांब म्हणत होते. तिन्ही वेळा."
म्हटलं, "पण वहिनी, मूठ होती. मी पाहिली."
"बोटं उघडतात का त्यांची?"
आत या म्हणालो. आल्या नाहीत.

२५ मार्च
मूठ उघडायचं विसरली — ती तिसरी ओळ माझीच.
बाईंचा फोन. वहिनींनी त्यांनाही कळवलंय — ती कविता ठेवायची की काढायची?
पहिल्या पानावर घ्या म्हणालो.