दिल्या घरची किडनी

प्रिय धाकट्या,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांच्या खोलीतलं घड्याळ बरोबर त्यांच्या टकलाच्या वर टांगलेलं आहे, त्यामुळे वेळेबद्दल वाद घालू नकोस. त्या वेळी तू, माझा सख्खा भाऊ, माझ्याकडे अंगठा दाखवून म्हणालास, "ही आमची ताई बघा. एका किडनीवर राज्य करतेय. काही झालं का तिला? उरलेली अशी दणदणीत वाढलीय की दुसरीची आठवणसुद्धा नाही!" डॉक्टर हसले. तुझी लेकही हसली. तूही हसलास आणि हसता हसता तुला दम लागला. मी हसले नाही, कारण तुझ्या लेकीने टेबलाखाली माझा हात धरला होता आणि तिची बोटं बर्फासारखी गार होती.

तिथे बोलले नाही ते आता लिहिते. मी सगळी नोकरी वकिलांच्या ऑफिसात टाइपरायटरपुढे काढली. आमच्या साहेबांनी बायकोला लिहिलेलं वाढदिवसाचं पत्रही नोटिशीसारखं वाचायला यायचं. तेव्हा माझ्या मायेला नोटिशीचा वास आला तर नाक मुरडू नकोस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, तक्रार करायची असेल तर ताठ बसा, तारीख घाला आणि मुद्द्याचं बोला. रडायचं असेल तर मैदानात जा. मी ताठ बसले आहे.

दुसरीची आठवणसुद्धा नाही, असं तुला कोणी सांगितलं? मी तर नाही. दुपारी जेवण झालं की मी खिडकीपाशी खुर्चीत टेकते. डोळा लागतो. जाग येते तेव्हा माझा डावा हात नेमका त्या व्रणावर असतो, बाहेर गेलेल्या माणसासाठी कडी न लावता दार नुसतं धरून ठेवावं तसा. ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना विचारलं होतं, ती जागा आता रिकामीच राहणार का. ते म्हणाले, छे, आतडी सरकतात तिथे, जागा भरून जाते. शास्त्राच्या दृष्टीने तिथे आता दुसरे भाडेकरू आहेत. तरी मला तिथे कुणीतरी नसल्याचं कळत राहतं, आणि जे नाही ते येरझारा घालतं. सिस्टरांनी आम्हाला एकाच आत्म्याची ओळख करून दिली होती आणि तो पवित्र होता. हा दुसरा माझ्यामागे कुठून लागला कोण जाणे. एकदा दुपारी तिथे असं काही आवळून आलं की मी उठून तुला फोन केला आणि विचारलं, "काय खातो आहेस?" तू आधी तोंडातला घास गिळलास. मग म्हणालास, "केक. तुला कसं कळलं?" मला कळलं नव्हतं, धाकट्या. तुझ्या पोटात गेलेल्या तिला कळलं होतं.

आईचा नियम तुला आठवत असेल. एकाने कापायचं, दुसऱ्याने निवडायचं. मी पट्टी लावून पावाचे दोन तुकडे करायची आणि तरीही तुला त्यातला मोठा दिसायचा. तू तो उचललास की बाबा खूश. "मोठं ते आपलं!" हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. बूट मोठे घ्यायचे, कुत्रा मोठा पाळायचा, आवाज तर मोठा होताच. मग तुझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि सर्जननी तुझ्या खाटेशी येऊन आपल्याला सांगितलं, की दोहोंतली जास्त चांगली किडनी देणाऱ्याकडेच ठेवतात, हा आमचा रिवाज आहे. तू तोंड सुजवून खाटेवर पडला होतास. (खरोखर सुजलं होतं, रुसून नव्हे.) तेवढ्यातही म्हणालास, "म्हणजे मला लहान तुकडा? जन्मात पहिल्यांदा!" आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली होती ती. पुढे येईल त्या पाहुण्याला तू सांगत सुटलास की ताईने मला धाकटी दिली. मीही म्हणायची, दिली ती दिली, आता दिल्या घरी सुखी राहू दे.

आईने मला कधी विचारलं नव्हतं, हे तुला माहीत आहे का? तिची स्वतःची देण्यासारखी नव्हती, साखरेच्या आजाराने ती आतून पोखरली होती. ती फक्त संध्याकाळी माझ्या खोलीत यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. एकच टॉवेल. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. माझ्याकडे बघायची नाही. असं काही दिवस चाललं आणि एका संध्याकाळी मी म्हटलं, "देते गं. तो टॉवेल ठेव आता." तिने ठेवला. गैरसमज करून घेऊ नकोस, मी दिलीच असती. तुला दिली नसती तर कुणाला देणार होते, आमच्या साहेबांना? पण मला कुणीतरी विचारायला हवं होतं. ज्याला विचारलंच नाही, तो नाही कसं म्हणणार? आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत, हे मला वकिलांनी शिकवलं.

नंतरची दोन वर्षं चांगली गेली, हे मान्य. माझी उरलेली वाढली, तुझ्यात गेलेलीही वाढली. डॉक्टरांनी तेव्हाच नीट समजावलं होतं. नव्या गाळण्या येत नसतात. आहेत त्याच फुगतात, ताणतात आणि गेलेलीचं काम अंगावर घेतात. मला ते लगेच पटलं. दोन टायपिस्टपैकी एक लग्न करून गेली तर साहेब दुसरी नेमत नाहीत, उरलेलीच्याच टेबलावर चळत ठेवतात आणि वर तिला कर्तबगार म्हणतात. बाबांनी मात्र यातलं एकच ऐकलं, की पोरांची किडनी मोठी झाली. गल्लीभर सांगितलं.

मग तुला साखर लागली. ज्या औषधांनी माझी किडनी तुझ्यात टिकली, त्याच औषधांनी कुणाकुणाला ती लागते, यात तुझा दोष नाही. दोष पुढचा आहे. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि तू म्हणालास, "एवढी वर्षं मरणाचं पथ्य केलं, आता जरा जगू द्या." त्या साली तुझी सोनोग्राफी झाली आणि तू मला फोन केलास, "ताई, तुझी पोरगी बाळसं धरतेय बरं का! आणखी मोठी झालीय." आवाजात हुबेहूब बाबा. ते बाळसं नव्हतं, धाकट्या, ती सूज होती. साखर आधी किडनीला दामटते, वाजवीपेक्षा जास्त गाळायला लावते, म्हणून ती मोठी दिसते. मग ती पाझरायला लागते. मग थकते. आईच्या पहिल्या सोनोग्राफीतही आकार मोठा असंच आलं होतं, आणि बाबांनी जेवताना जाहीर केलं होतं, "बघा, दणकट बाई आहे तुमची आई!" तिला आपण किती लवकर पोचवलं ते मी लिहीत नाही. आपल्या घरात सुजेला बाळसं म्हणायची चाल आहे. आपल्या आधी दुसऱ्या कुणी ही चूक केली असेल असं मला वाटत नाही, कारण दुसऱ्या कुणाला मोठ्या तुकड्याचं एवढं वेड नसेल.

आता तुझ्या लेकीबद्दल, माझ्या मुंगीबद्दल. तिला हे नाव मीच ठेवलं. चालायला नुकती लागली होती आणि स्वतःपेक्षा मोठी उशी जिन्यावरून ओढत आणत होती. मदतीला गेलं तर किंचाळायची. तिची आई गेल्यापासून ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहते आणि घरी येऊन तुझ्या गोळ्या, तुझा डबा, तुझे रुसवे सांभाळते. आणि आता तुला तिची किडनी हवी आहे, कारण माझी संपली. मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले ते मी शब्दशः सांगू शकते, शॉर्टहँड अजून विसरले नाही. "हिच्या किडनीचा आकार थोडा मोठा वाटतोय. साखरही काठावर आहे. आणखी एक तपासणी करू, मग परवानगी देणाऱ्या समितीपुढे ठेवू." साधं, सरळ वाक्य. ते संपायच्या आत तू म्हणालास, "मोठी आहे म्हणजे उत्तमच की! आमच्या घराण्यात सगळंच दणकट." आणि मग माझ्याकडे अंगठा. मी तुझा पुरावा होते. मला न विचारता, मला समोर बसवून.

तू ब्लडप्रेशर मोजायला आत गेलास तेव्हा आम्ही बाहेर पाण्याच्या मशीनपाशी उभ्या होतो. मुंगीने कागदी पेला भरला आणि विचारलं, "आत्या, खरं सांग, दुखतं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग आठवण येते?" मी म्हटलं, "भलते प्रश्न विचारू नकोस, पाणी पी." ती पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "बाबांनी मागितली नाही गं मला. मीच म्हटलं देते. ते नुसते संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि माझे चष्मे पुसायचे. एकच चष्मा. पुसायचा, उजेडात धरायचा, पुन्हा पुसायचा. बोलायचे काहीच नाहीत. मला बघवेना."

धाकट्या, मी तिच्या हातातला रिकामा पेला घेऊन चुरगाळला. आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती अजून पलंगाच्या कडेला बसलेलीच आहे. फक्त टॉवेलचा चष्मा झाला. तू तिला पाहिलेलं नव्हतंस, तू तेव्हा दवाखान्यात होतास. मी हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मग हे तुला कुणी शिकवलं?

तू विचारलंस, काही झालं का तिला? उत्तर देते. गेल्या महिन्यात मी माझी नेहमीची तपासणी करून घेतली. सोनोग्राफी करणारी मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "अय्या आजी, केवढी मोठी आहे तुमची!" मी म्हटलं, कौतुक नको, आकडा सांग. डॉक्टरांनी तो आकडा पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मलाही साखर लागली आहे. आता माझ्या किडनीला मोठं व्हायला दोन कारणं आहेत, एक तुला दिलं त्याचं आणि एक आईकडून आलं त्याचं. नुसत्या चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही की यात कष्ट किती आणि आजार किती. ते म्हणाले, पथ्य पाळलंत तर बरीच वर्षं जातील, आणि मी पथ्य पाळते, मी तू नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू रडला असतास आणि तुझे डोळे पुसायला मलाच यावं लागलं असतं.

हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता. सोमवारी, १७ मार्चला समिती बसणार आहे. आधी किडनी दिलेली घरातली बाई म्हणून मलाही बोलावणं आलं आहे. बोलवा म्हणून तूच सांगितलंस, मला काहीच झालं नाही हे मी तिथे सांगावं यासाठी. मी जाणार आणि मला काय झालं ते सांगणार, आईच्या पहिल्या सोनोग्राफीपासून. पण माझ्यामुळे हे थांबायला नको आहे मला. मी थांबवलं तर मुंगी जन्मभर म्हणेल की आत्या आडवी आली म्हणून बाबांना देता आली नाही, आणि मग एक न दिलेली किडनी तिच्यामागे लागेल. दिलेली कशी मागे लागते ते मला माहीत आहे. न दिलेली कदाचित आणखी वाईट. ती स्वतःहून ओझं खाली ठेवणार नाही, उशी तिने तेव्हाही सोडली नव्हती. ते फक्त तूच तिच्या हातातून काढून घेऊ शकतोस. तेव्हा तू नाही म्हण. फोनवर नको, फोनवर तू विनोद करतोस. स्वतःच्या हाताने लिही, की मुली, तुझी मला नको, आणि मी तुझ्या खोलीत येऊन बसायला नको होतं. पत्र मुंगीच्या नावे, प्रत मला. परक्या कुणाची मिळेल म्हणून यादीत नाव घाल आणि तोवर डायलिसिसच्या मशीनवर जा. दर वेळी मी शेजारी बसेन, पेपर वाचून दाखवीन आणि तुझा उद्धारही करीन. उद्या शेजारची खाट माझीच झाली, तर खिडकीची बाजू मी घेणार, हे आत्ताच सांगून ठेवते. तुझं लेखी उत्तर शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. मी कापून ठेवलं आहे, निवडायचं तू. एवढ्या वेळी तरी लहान तुकडा उचल.

तुझीच,
अजूनही हात व्रणावर ठेवून बसलेली
ताई