नऊ रिशू, एक बासरी

रवि. ११ जाने.

सगळ्यांत आधी आली ती चैत्रा, आणि तीही चुकून शेजारी शांतक्कांच्या घरात शिरून, तिथे कॉफी पिऊन, मग आमच्याकडे. शांतक्का तिला विचारतात काय, "रिशूला बघायला आलीस का गं?" त्यांना अजून वाटतं रिशू आमचा नातू. कितीदा सांगितलं, तीच तबकडी कंपनी पुन्हा छापते त्याला मिनू री-इश्यू म्हणते, माझ्या जिभेवर रिशू बसलं. नात एकच, मिनू. रिशू आठ.

मग ओंकार (पुण्याचा) आणि आणखी तिघं. सगळे मिनूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसातले. रविवारी कोणाच्या तरी घरी जमून जुन्या तबकड्या ऐकतात. आज अज्जांची, म्हणजे आमच्या ह्यांची पाळी. मी अवरेचा उप्पिट्टू, आपला उपमाच तो, केला, शेंगा कालपासून सोलत होते. ओंकार म्हणतो, "आजी, हे पावटेच ना?" म्हटलं, "पुण्यात पावटे असतील, इथे अवरे आहेत, खा मुकाट." तीनदा घेतला. घर कसं भरल्यासारखं वाटलं! मिनू आली की मला दुसरं काही नको.

ह्यांचा थाट विचारू नका. इस्त्रीचा शर्ट. कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या इटलीच्या साहेबाची गोष्ट सांगितली. त्याला मी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, दिल्या होत्या, आणि रिकामा डबा परत देऊ नये हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे, डब्यासोबत ही जोड-तबकडी दिली. दोन तबकड्या, चार बाजू, कव्हर दारासारखं उघडतं. वर बोकडावर बसलेला म्हातारा. हे म्हणतात राजा आहे. असेल. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्या तबकडीवर गच्चीत सांडगे वाळत घातले, काळी थाळी लवकर तापते म्हणून. तापली. पापडासारखी वाकडी. तेव्हापासून रिशू सुरू. जर्मनीचा, जपानचा, कोरियाचा, एक जिलेबीसारखा लाल. पोरं पोट धरून हसली.

शेवटी ह्यांनी अलीकडचा एक रिशू लावला, तिसरी बाजू. म्हणाले, "बघा, ह्यात बासरीच गाळलीय चोरांनी."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ओंकार म्हणाला, "आजोबा, ती तर..." मिनूनं त्याला कोपर मारलं.

मलाही स्वयंपाकघरात बासरी ऐकू आली होती. म्हटलं दुसरी एखादी असेल, मला काय कळतं.

जाताना ह्यांना कोरमंगलाला बोलावून गेले. १ फेब्रु.ला, चाळीस माणसं येणार, सगळ्या रिशूंमधला फरक अज्जांनी सांगायचा. हे इतके खूष की भात दोनदा मागितला.

मंगळ. १३ जाने.

नववा आला. पार्सलवाल्यानं चारदा बेल मारली, हे दाराशेजारी खुर्चीत, पेपरात डोकं. मीच धावले. म्हटलं बहिरे झालात का. नेहमीचं माझं.

उघडला, नवा वास, बोकड थोडा हिरवट छापलाय. तिसरी बाजू लावून हे स्पीकरला कान लावून बसले. ती बाजू मला पाठ आहे. आधी मोठी पेटी रागावल्यासारखी वाजते, मग एकदम सगळं गप्प, मग बासरी. बासरी आली की मी भाताखालचा गॅस बंद करते, इतकी वर्षं, भात कधी लागला नाही. आजही तशीच आली आणि मी बंद केला.

बाहेर हे म्हणाले, "ह्यातही नाही."

"अहो, वाजतीय की."

"तो तुझा कुकर."

कुकर लावलाच नव्हता. पातेल्यात होता भात. पातेलं तसंच झाकून ठेवलं.

बुध. १४ जाने. संक्रांत

तिळगूळ झाला, शेजाऱ्यांकडून एळ्ळु-बेल्ला, इथला तीळ-गूळ-खोबऱ्याचा सुटा तिळगूळ, आलं, त्यातले खोबऱ्याचे तुकडे तेवढे मी वेचून खाल्ले. शांतक्कांच्या सुनेनं साच्यातला साखरेचा अच्चू केला, पोपटाचा, चोच मोडकी.

दुपारी ह्यांनी जपानचा काढला. हा त्यांचा लाडका. आला तेव्हा मला हाताला धरून बाहेर आणलं होतं, "ऐक, बासरी खिडकीत बसलीय असं वाटतं." आज तो लावला. बासरी खिडकीतच बसलेली. हे म्हणाले, "हाही झिजला."

तबकडी झिजेल, खरखरेल. नुसती बासरी कशी झिजेल?

मिनूला फोन केला. ती म्हणाली, "अज्जी, अगं, वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. आम्हाला रविवारीच कळलं." मी विचारलं, तू सांगशील का? म्हणाली, "मी? माझ्यानं नाही होणार." माझ्यानं तरी कुठे.

शनि. १७ जाने.

मोजत बसले नाही पण दिसायला लागलं. दाराची बेल. कुकर. मोबाइल. पाल चुकचुकली तर हे बोट टेकवून सत्य सत्य करायचे, किती दिवसांत केलं नाही. माझा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचतो, तो पहिल्यापासून घोगरा. आई म्हणायची हिला कोण करून घेणार, रेड्यासारखा आवाज. बरं झालं.

आयुष्यभर ह्यांना बहिरे म्हणत आले. आता खरंच झाले तर तोंडातून शब्द निघत नाही.

गेल्या तीन वर्षांतले चार रिशू. एकेक आला की हे म्हणायचे नीट छापलेला नाही, पुढचा चांगला निघेल. मी हसायचे.

मंगळ. २० जाने.

आज ह्यांनी इटलीच्या कंपनीला पत्र लिहिलं, इंग्लिशमध्ये, कारखान्यात रिपोर्ट लिहायचे तसं नंबर घालून. मला मराठीत वाचून दाखवलं. पन्नास वर्षं ही तबकडी ऐकणारा माणूस आहे मी, तुम्ही बासरी का काढली याचा खुलासा करावा. खाली सही, कारखान्यातला हुद्दा. मिनूला फोनवर पाठवलं, म्हणाले, कंपनीला धाड.

मिनूचा लगेच मला फोन. "अज्जी, मी नाही पाठवणार हं हे." सरी, बरं, म्हटलं.

आणि कोरमंगलाच्या भाषणाचा कागद तयार होतोय. वर मोठ्या अक्षरांत बासरीची चोरी. चाळीस पोरं. एकजण जरी फिसकन हसला तरी हा माणूस परत उंबरा ओलांडायचा नाही, मी ओळखून आहे. कारखान्यात एकदा कोणी तरी चूक काढली तर निवृत्तीपर्यंत त्याच्या टेबलावर चहा प्यायले नाहीत.

शुक्र. २३

मिनूला रोज विचारतात, उत्तर आलं का. ती म्हणते इटलीत सुट्टी आहे अज्जा. कसली सुट्टी एवढी?

आज सांगणार होते. ताकभात वाढला, समोर बसले, "अहो, ऐका." "काय?" "मीठ आहे ना नीट?" एवढंच.

रवि. २५ जाने.

सांगितलं. म्हणजे तोंडानं नाही.

सकाळी म्हटलं, लावा हो तिसरी बाजू, मला बसून ऐकायचीय. आश्चर्यानं बघत राहिले. लग्नाला एकावन्न वर्षं, मी कधी बसून ऐकली नाही. पाट घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसले. बासरी सुरू झाली तसा त्यांच्या मनगटावर हात ठेवला, थांबली तसा उचलला. पुन्हा आली, पुन्हा ठेवला.

"काय गं, डास आहेत का?"

मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते.

मग ह्यांनी स्वतः सुई मागे नेली. पुन्हा तेच. मग कोरियाचा लावला. जर्मनीचा. लाल. प्रत्येकात माझा हात त्याच जागी खाली, त्याच जागी वर. कारखान्यात गेज लावून बघायचे तसे बघत होते माझ्या हाताकडे, माझ्याकडे नाही. शेवटी जपानचा.

"सगळ्यांत आहे?"

"हो."

"मग मी कंपनीला काय लिहिलं?"

वाटलं हीच काळजी असेल तर सोपं आहे. म्हटलं, नाही पाठवलं ते, मिनूनं ठेवून घेतलंय. बरं वाटेल म्हणून सांगितलं. माझी जीभ झडो.

चेहरा पडला. "म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या पोरांनाही? ११ तारखेला?" मी मान डोलावली. "तुला?"

"तेरा तारखेपासून."

"म्हणजे घरात मीच एकटा शर्ट इस्त्री करून बसलो होतो."

झाकण लावलं. सगळे रिशू जुन्या चादरीत गुंडाळले. जेवले नाहीत.

मंगळ. २७

बोलत नाहीत. मिनू आज ऑफिस टाकून आली, पाया पडली, "अज्जा सॉरी ना, प्लीज." त्यांनी पेपर वर केला. ती माझ्या कुशीत रडली, मी म्हटलं जा बाई, तुझी बस चुकेल.

भाषणाचा कागद चार तुकडे करून केरात. मी केर काढताना वेचले. जोडता येतील, पण कशाला?

भात लागला आज. घड्याळ बघून करायची सवय नाही मला.

गुरु. २९ जाने.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. गेले, हेच खूप. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. हे बटणावर अंगठा ठेवून परीक्षेला बसल्यासारखे. कितीतरी वेळ अंगठा हललाच नाही. डॉक्टरीणबाई चांगली, कन्नडमध्ये मोठ्यानं सावकाश सांगितलं, अण्णा, गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते सांभाळू. कानाचं नमुन्याचं यंत्र लावून घरी पाठवलं.

घरी जपानचा लावला. मी दाराआड. जिवाचे कान करून मी त्यांचा चेहरा बघत होते. बासरी आली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं...

"डब्यात चिमणी कोंडल्यासारखं आहे," म्हणाले. यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवलं. "ही ती नाही. ती मला आता आठवतही नाही, ह्या चिमणीनं तीही पळवली."

पंचवीस तारखेनंतरचं हे पहिलं लांब वाक्य. मी आनंद कशाचा मानू?

शनि. ३१

डॉ. म्हणाली सवय व्हायला महिने जातात. यंत्र चष्म्याच्या घरातच. चष्मा उघडाच टेबलावर, काचेवर ओरखडा पडला.

मी चूक केली का? चाळीस जणांसमोर हसं झालं असतं. आता हसं नाही झालं, पण माणूसही नाही राहिला खुर्चीत. कुणाला विचारू. शांतक्कांना विचारलं तर म्हणतील रिशू कसा आहे.

रवि. १ फेब्रु.

पोरं आली, खाली गाडी उभी करून, अज्जांना न्यायला. मिनूनं त्यांना येऊ नका सांगितलं होतं, तरी आली, तिलाही घेऊन. चैत्राच्या हातात मोगरा, माझ्यासाठी. मी पहिल्यांदा पोटभर हसले ह्या आठवड्यात, खोटं का बोलू. ओंकार म्हणाला, "आजोबा, बासरीचं राहू द्या, साहेबाचं सांगा, बोकडाचं सांगा." जोरात बोलायचं म्हणून बिचारा ओरडतच होता.

हे उठले. चादर सोडली. मला वाटलं निघाले! मी चपला काढून ठेवायला धावले.

एकेक रिशू उचलून त्यांच्या हातात दिला. जर्मनीचा चैत्राला, लाल ओंकारला, बाकीचे बाकीच्यांना. जपानचा मिनूला. तिनं मागे हात बांधले तर तिच्या झोळीत घातला. "ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे राहू दे."

ओंकार म्हणाला, "नाही आजोबा, फक्त ऐकायला नेतो, परत आणून देणार." हे खिडकीशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. यंत्र कानात नव्हतं.

पोरांनी नऊच्या नऊ कव्हरं छातीशी धरून नेली. जिन्यात मिनूचं नाक ओढणं ऐकू येत होतं. उप्पिट्टू तसाच राहिला, शांतक्कांकडे देऊन आले.

दारातून चैत्रा मोठ्यानं म्हणाली, सगळे घेऊन पुढच्या रविवारी येतो अज्जा, ८ तारखेला, अकराला, नक्की. ह्यांची पाठ होती. ऐकलं का नाही, कळलं नाही. ८ फेब्रु., रवि., सकाळी अकरा.