हार नव्हे, चौकट

नालासोपारा (पूर्व),
सोमवार, दि. २ डिसेंबर २०२४

आदरणीय विठ्ठलआजोबा,
साष्टांग नमस्कार.

आपली-माझी कधी भेट झालेली नसताना आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. आपली नात पूर्वी हिच्या सातवीच्या वर्गावर सरावपाठ घेणारी छात्राध्यापिका, ती मी. आपली प्रकृती उत्तम असेल आणि थंडीतही चाफा बरा येत असेल, अशी आशा आहे.

‘आमच्या परिसरातील व्यवसाय’ या प्रकल्पासाठी मी मुलांना दोन छायाचित्रे एकत्र जोडणारे एक संकेतस्थळ दाखवले. कुणी पाचूबंदरच्या होडीत स्वतःला बसवले, कुणी वालीवच्या कारखान्यासमोर वडिलांना उभे केले. पूर्वीने आजोबांचा, म्हणजे आपला, चेहरा आणि आपल्याच बागेतला सोनचाफा आणला होता. ते चित्र वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गेले आणि तिथून आपल्या नातलगांपर्यंत.

पुढचे आपण जाणताच. तुळिंजचे आपले भाचे विलासराव पांढरे कपडे घालून आले, तेव्हा फुलांची टोपली घेऊन आपणच फाटक उघडलेत आणि विचारलेत, “कोण गेलं रे?” त्यांना बोलता येईना, तेव्हा म्हणालात, “मी गेलो असेन, तर आधी चहा घे. मग रडू.” पूर्वीने हे सांगितले तेव्हा वर्ग हसला. ती हसली नाही. “जित्या माणसाला हार घालतेस?” असे म्हणून द्वारकाआजींनी तिच्याशी अबोला धरला आहे, एवढेच पुढे म्हणाली.

मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी चौकशी केली, तेव्हा मी वर्गातच होते. “मी केलं,” असे पूर्वी म्हणाली. शनिवारच्या प्रदर्शनातून तिचे नाव गेले.

इथपर्यंत सोमवारी लिहिले होते. जे लिहायचे, ते राहूनच गेले.

पूर्वीने फुले आपल्या चेहऱ्यामागे ठेवली होती, आपण बागेत उभे असल्यासारखी. चित्र जरा धूसर दिसत होते. ती फुले चेहऱ्याभोवती मी मांडली. माऊस माझ्या हातात होता. तिने विचारलेही, “बाई, आजोबांना हार का घातला?” मी म्हणाले, “हार नव्हे, चौकट म्हणावे.” मी शाळेपासून मराठीत पहिली येत आले, दुसऱ्याचा शब्द दुरुस्त करण्याची मला सवय आहे. तिने माझे ऐकले, आणि पुढे माझे नावही घेतले नाही. माझ्या सरावपाठांवरचा शेरा सरोजिनीबाई लिहिणार होत्या, म्हणून मी गप्प राहिले. दुसरे कारण नाही.

आज शाळा भरण्यापूर्वी मी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि शेरा लिहिला. तो वाचण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. पूर्वीचे नाव यादीत परत आले आहे. तिने केलेले मूळ चित्र संगणकात होते, तेच छापले आहे. पण आजी बोलल्याशिवाय ती प्रदर्शनाला येणार नाही म्हणते.

म्हणून विनंती, की हे पत्र आजींना वाचून दाखवावे. त्यांचा राग रास्त आहे; फक्त त्याचा पत्ता चुकला आहे. खरा पत्ता माझा आहे.

आपणांस हार घालणारी,
सुरुची

(पूर्वीच्या आईंच्या मोबाईलवर पाठवले: गुरुवार, दि. ५ डिसेंबर २०२४, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.)