सोळावं गुणसूत्र

पुणे, १८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप अण्णा, दोन्ही हात जोडून नमस्कार.

कांद्याच्या मुळाच्या पेशीत सोळाही गुणसूत्रं मधोमध रांगेत दिसली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं होतं. सोळावं बाजूला पडलं होतं. दोन्ही टोकांकडून येणाऱ्या धाग्यांनी त्याला अजून नीट धरलं नव्हतं. शेवटचं धरलं जाईपर्यंत पेशी थांबते, पुढे विभागत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना ते थांबणंच बघायला हवं होतं. वाफ्यात रोप मेलं की त्या जागी दुसरं लावून आपण नांगा भरतो, तसं मी ते सूक्ष्मदर्शकातून बघून काढायच्या चित्रात रांगेत लावून टाकलं.

चित्र आता प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. पहिल्या वर्षाच्या मुली ते उतरवून घेतात.

तुम्ही फोनवर म्हणालात, "सारं अनसिंग गाव इचारून राह्यलं, पोरीनं काय काढलं म्हून." मी विषय बदलला. अक्षरं शिकवताना तुम्हीच सांगायचात, "दिसते तेच लिव, मनचं घालू नको."

माझं जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? कांद्याला पाणी पुरतं ना?

मॅडम गावाला गेल्या आहेत. त्या आल्या की, सोमवारी २३ तारखेला, पहिल्या तासाआधी मी चित्र भिंतीवरून काढून त्यांच्या हातात देईन आणि खरं काय दिसलं ते सांगेन.

तुमची वैजयंती